नव्या गाडीचा रुसवा

जुनी गाडी बिघडली तर माणूस मेकॅनिककडे जातो. नवी गाडी बिघडली तर तो भांडायला येतो. भांडायला येणाऱ्यासाठी एक खुर्ची ठेवलेली असते, आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत माझी उमेदीची वर्षं गेली. जालना रोडवरच्या एका मोटार डीलरच्या वर्कशॉपात मी वॉरंटी सुपरवायझर होतो. हुद्दा ऐकून सासरेबुवांनी मुलगी दिली. जावयाचं काम दिवसभर हात जोडून 'हे वॉरंटीत बसत नाही' म्हणण्याचं आहे, हे त्यांना पुढं कळलं. आमची ही अजून पाहुण्यांना सांगते, "ह्यांनी घरात कुठलीच तक्रार पहिल्या झटक्यात मान्य केली नाही. मिक्सर बंद पडला तरी आधी विचारणार, तुम्ही काय केलंत?"

पण तो प्रश्न हाच आमचा धंदा होता. गाडीत दोष दोन तऱ्हेचे असतात, जन्माचे आणि संगतीचे. जन्माचा दोष असेल तर गाडीची कंपनी पार्ट फुकट बदलून देते. संगतीचा असेल, म्हणजे मालकानं, ड्रायव्हरनं किंवा मालकाच्या मेव्हण्यानं काही उद्योग केलेला असेल, तर खर्च मालकाचा. ऐकायला सोपं आहे. पण गाडी बोलत नाही आणि मालक थांबत नाही. शिवाय बदललेला पार्ट आम्ही कंपनीकडे परत पाठवायचो. तिथं कुणीतरी तो उलटासुलटा करून बघायचं आणि कळवायचं, 'यात आमचा दोष नाही.' मग तो खर्च डीलरच्या अंगावर आणि डीलरची नजर माझ्या अंगावर. त्यामुळं मी दोन्हीकडून सारखाच नावडता होतो. पोटासाठी माणूस याहून वाईट कामं करतो, अशी मी माझी समजूत घालत असे.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. चिकलठाणा झालं, वाळूज झालं, जिकडं बघावं तिकडं पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या. वर्तमानपत्रं लिहायची, शहर झपाट्यानं वाढतंय. आम्हाला ते गाड्यांच्या शॉक-अब्सॉर्बरच्या तक्रारींवरून कळायचं, कारण कारखाने आधी आले होते आणि रस्ते यायचे होते. ज्या घरात आजवर सायकलसुद्धा भाड्यानं आणायचे, त्या घरासमोर मोटार उभी राहायला लागली.

गारखेड्याचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी गाडी घेतली, पूजा केली आणि झाकून ठेवली. वॉरंटी संपायला आली तेव्हा ती दोरीनं ओढत आमच्याकडे आणली. बॅटरी मेलेली, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. मला म्हणाले, "गाडी मी वापरलेलीच नाही. तेव्हा वॉरंटी शिल्लक आहे. ती पुढच्या वर्षात धरा."

मी म्हणालो, "सर, वॉरंटी अशी पुढं जात नाही."

"का जात नाही? आमच्या खात्यात रजासुद्धा पुढं जाते!"

उंदीर हा जन्माचा दोष की संगतीचा, यावर मास्तरांनी माझा तासभर वर्ग घेतला. वायरी त्यांनी स्वखर्चानं बदलल्या, पण निघताना मला 'काठावर पास' असा शेरा देऊन गेले.

क्रांती चौकातल्या एका कापडवाल्या शेटजींच्या गाडीत 'च्यूं च्यूं' आवाज यायचा. आमच्या माणसांनी खालून सगळ्या पट्ट्या, रबरं, नटबोल्ट तपासले. आवाज सीटवरच्या प्लॅस्टिकचा होता. कारखान्यातून आलेलं ते प्लॅस्टिक काढा म्हटलं तर शेटजी दचकले. "काढलं की गाडी जुनी होईल ना!" ते पुढची कितीतरी वर्षं उन्हाळ्यात त्या प्लॅस्टिकवर घामाघूम होऊन, च्यूं च्यूं करत, पण नव्या गाडीतून फिरले.

हे झाले किरकोळ. मला सांगायचंय ते खंडू शिंगाड्याच्या गाडीबद्दल.

खंडू वैजापूर तालुक्यातला, धनगराचा. घरचा मेंढरांचा कळप विकून त्यानं गाडी घेतली आणि वाळूजच्या एका कारखान्याला लावली. विमानतळावरून साहेब आणायचे, पाहुण्यांना अजिंठा-वेरूळ दाखवायचं, असं काम. मेंढरं गेल्यावर गावात करायचं काय, म्हणून त्याचे वडील सटवाजीआबाही शहरात आले. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी. पाहुणा एकटाच असला की आबा पुढच्या सीटवर बसायचे. गाडीकडं ते जनावराकडं बघावं तसं बघायचे. वर्कशॉपात आले की आधी बॉनेटवर हात ठेवायचे, मग मला रामराम.

खंडूची तक्रार अशी, की गाडी चालता चालता मधेच गचके खाते आणि बंद पडते. थोड्या वेळानं आपोआप सुरू होते. "साहेब, लई बेजार केलं हिनं. रुसल्यावानी करती. घटकाभर थांबलं की लागती चालाया, जसं काय झालंच नाय."

धंद्यातला माणूस असल्या तक्रारीला फार भितो. कायमचा बिघाड चांगला, तो सापडतो. येणारा-जाणारा बिघाड म्हणजे डॉक्टरच्या दारात ताप उतरणारं पोर. आमचा मुख्य मेकॅनिक साळवे यानं पेट्रोलचा फिल्टर बदलला. गाडी काही दिवस बरी चालली, पुन्हा रुसली. मग इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप बदलला, मग कार्ब्युरेटर. सगळं वॉरंटीत, माझ्या सहीनं. फिल्टरमध्ये गाळ मिळायचा. तो पिवळसर होता हे आम्ही पाहिलं होतं, पण त्या काळचं पेट्रोलच नारिंगी असायचं, त्यामुळं त्याच्या रंगाचा संशय कुणालाच आला नाही. मी खंडूला छातीठोकपणे सांगितलं, "तू पेट्रोल भरतोस तिथं भेसळ आहे." त्यानं पेट्रोल भरायची जागा बदलली. गाडी रुसायची ती रुसतच राहिली.

शेवटी एकदा वेरूळच्या रस्त्यावर कारखान्याचे परदेशी पाहुणे उन्हात उभे राहिले. कारखान्याच्या प्रशासन अधिकाऱ्यानं खंडूला बोलावून निर्वाणीचं सांगितलं : गाडीच्या कंपनीचा माणूस इथं आण, त्यानं माझ्यासमोर सांगावं की गाडी नीट झाली. नाहीतर तुझी गाडी गेटाबाहेर, दुसरी तयार आहे.

खंडू माझ्या समोरच्या खुर्चीत बसला, पण भांडला नाही. "कळप इकलाय, साहेब," एवढंच म्हणाला.

मी कंपनीला फोनवर फोन केले आणि पुण्याहून दातार नावाचे इंजिनिअर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मोजकं बोलणं. ते म्हणाले, "मी स्वतः पाहिल्याशिवाय काहीही मान्य करणार नाही." मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

नेमका त्या दिवशी शहरात नामांतराचा मोर्चा होता. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो होतो. माझी नोकरी लागली, लग्न झालं, तरी तो चालूच होता. साळवेनं आदल्या दिवशीच सुट्टी मागितली होती. कारण विचारल्यावर सरळ म्हणाला, "मोर्चाय." नामांतराच्या पहिल्या दंगलीत गावाकडं त्याच्या चुलत्याचं घर जाळलं होतं, आणि ते कुटुंब तेव्हाच शहरात आलं. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. साळवे त्यावर कधी बोलायचा नाही.

आम्ही सकाळी निघालो. दातार गाडी चालवायला, शेजारी खंडू, मागं मी आणि आबा. दौलताबादपर्यंत गेलो, घाट चढलो, उतरलो. गाडी लोण्यासारखी चालली. परतीच्या वाटेवर छावणीपाशी दातार म्हणाले, "मला तर यात काहीही दोष दिसत नाही." खंडूचा चेहरा उतरला. आपली गाडी बंद पडावी म्हणून देवाला हात जोडणारा मालक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

क्रांती चौकात मोर्चा लागला. निळे झेंडे, घोषणा, बाया-बापड्या, कडेवर लेकरं. गाडी मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती. आणि बरोबर चौकाच्या मध्यभागी तिनं दोन गचके खाल्ले आणि ती बंद पडली.

"पडली!" खंडू ओरडला. त्याला आनंद लपवता येईना.

वाहतुकीचा हवालदार धावत आला. "ओ भाई, येच जगा मिली क्या तुमको? साइड में लेव, साइड में!"

मोर्चातली चार पोरं बाहेर आली आणि त्यांनी गाडी ढकलून फुटपाथला लावली. त्यांच्यात पांढऱ्या सदऱ्यातला साळवे होता. मला बघून तो हसला. "साहेब, सुट्टीच्या दिवशी पण गाडी माझ्याच मागं पाठवली व्हय?" असं म्हणत त्यानं बॉनेट उघडलं आणि तो आणि खंडू आत डोकं घालून बघायला लागले.

आबा फुटपाथवर उतरून मोर्चा बघत होते. त्यांनी शेजारच्या पोराला विचारलं, "कशाचा रं एवढा मोर्चा?"

"विद्यापीठाच्या नावाचा, बाबा."

"नाव ठिवायचं हाय?"

"व्हय. किती वर्षं झाली, मागतोय."

"नाव ठिवाया वर्षं?" आबांना ते खरंच कळेना. "आमच्यात बाराव्या दिशी ठिवत्यात."

बॉनेटखालून साळवे हसला. "बाबा, हे मुंबईला जाऊन सांगा जरा."

दातारांना पुढं वाकायला जागा नव्हती, म्हणून ते टाकीपाशी काही आवाज येतो का बघायला मागं गेले. मीही गेलो. आमच्या पाठोपाठ आबा आले. त्यांनी कमरेची चंची सोडली, टाकीचं झाकण फिरवून काढलं, डोळे मिटून 'येळकोट येळकोट' म्हटलं आणि चंचीतली पिवळी चिमूट टाकीच्या तोंडावर नेली.

दातारांनी त्यांचं मनगट धरलं. "हे काय आहे?"

"भंडारा हाय, साहेब. खंडोबाची हळद." आबांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "रुसली की देतो. मग चालती."

"किती वेळा दिलात?"

"जव्हा जव्हा रुसली तव्हा. पयला घास पुजेच्या दिशी दिला. नवं जनावर दावणीला आलं की त्याच्या तोंडात घालावं लागतंय."

आमच्या वर्कशॉपातल्या सगळ्या हुशारीचा त्या चिमटीत निकाल लागला. हळद पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तिचा गाळ टाकीच्या तळाशी साचायचा. गाडी बरंच अंतर चालली की तो नळीच्या तोंडाशी ओढला जाऊन पेट्रोल अडायचं आणि गाडी बंद पडायची. बंद पडली की ओढ थांबायची, गाळ खाली बसायचा, वाट मोकळी व्हायची. मधल्या वेळात पुढं बॉनेट वर केलेलं, खंडूचं डोकं त्यात, आणि मागं आबा चिमूट टाकून नामस्मरण करत उभे. थोड्या वेळात गाडी सुरू! आबांच्या बाजूनं बघितलं तर पुरावा भक्कम होता. एकदाही उपाय फसलेला नव्हता. माझ्या पेट्रोलभेसळीच्या निदानाला तेवढाही आधार नव्हता.

खंडू मागं आला. त्यानं चंची पाहिली, उघडी टाकी पाहिली. "आबा," एवढाच शब्द त्याच्या तोंडातून निघाला.

"का रं?"

दातार शांतपणे म्हणाले, "आजोबा, ती हळद टाकीत गेली म्हणून गाडी थांबते."

"असं कसं? हळदीनं तर चालती."

यावर कुठलाही इंजिनिअर चिडला असता. दातार चिडले नाहीत. त्यांनी झाकण लावलं, रुमाल झटकून फुटपाथच्या कडेला अंथरला आणि त्यावर बसले. "या, बसा शेजारी. या वेळी काही घालू नका. नुसतं बसू."

तिकडं मोर्चा पुढं सरकला होता. साळवेनं हात पुसले. मी म्हणालो, "साळवे, टाकी उतरवावी लागेल. वर्कशॉपला येतोस का?"

"उद्या येतो, साहेब. आज सुट्टीय माझी," तो म्हणाला, आणि झेंड्यांमागं चालायला लागला.

आम्ही चौघं बसून राहिलो. पुण्याचा इंजिनिअर, धनगर बाप, त्याचा लेक आणि मी. समोरून शेवटच्या रांगा गेल्या, चौक मोकळा झाला, रिक्षा सुरू झाल्या. दातार म्हणाले, "खंडू, चावी फिरवा." पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली.

आबा उठले नाहीत. चालू इंजिनचा आवाज ऐकत ते बसून राहिले. मग म्हणाले, "म्हंजी ती आपली आपणच चालत हुती व्हय?"

त्यांनी चंचीचा दोरा आवळून गाठ मारली. "आन् बंद पाडत हुतो त्यो म्या."

वर्कशॉपात टाकी उतरवायची कुणी? साळवे नाही, बाकीचे निम्मे रजेवर, उरलेले दुसऱ्या गाड्यांखाली. मग दातारांनी पांढरा शर्ट काढून खुंटीला टांगला आणि मी कित्येक वर्षांनी हातात पाना धरला. पहिला नट मी उलट्या बाजूनं आवळत होतो. दातारांनी माझा हात फिरवून दिला. टाकीतून जे निघालं ते बघून आमचा चहावाला म्हणाला, "साहेब, पिठलं हाय का?"

धुवून, वाळवून, टाकी पुन्हा चढवली. दातार म्हणाले, "हे वॉरंटीत बसत नाही, तुम्हाला माहीत आहे." मला माहीत होतंच. आयुष्यभर तेच वाक्य विकत होतो. पण आधी बदललेल्या पंपाचं आणि कार्ब्युरेटरचं काय, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही काढलं नाही. एका सरकारी सुट्टीसारखा तो विषय आम्ही दोघांनी पाळला.

खंडू बापाशी एक अक्षर बोलत नव्हता. आबा वर्कशॉपच्या दाराशी उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "म्या जातो गावाकडं. पोराला म्हणावं, त्या सायबाला सांग, म्हाताऱ्याला घालवलं, आता गाडी ठिवा." मी त्यांना म्हटलं, "उद्या सकाळी आपण सगळेच वाळूजला जाऊ. मग ठरवा." माझ्या मनात काही योजना होती असं नाही. कस्टमरला उद्या यायला सांगणं ही जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटावर प्रशासन अधिकारी स्वतः आला. दुसरी गाडी तिथं खरोखरच उभी होती, ड्रायव्हर काच पुसत होता. अधिकाऱ्यानं दातारांना विचारलं, "काय निघालं मग?"

"टाकीत गाळ होता. काढला. गाडी उत्तम आहे."

"नव्या गाडीच्या टाकीत गाळ? कुठून आला?"

"बाहेरून."

अधिकारी मुरलेला होता. "म्हणजे पुन्हाही येऊ शकतो. पुन्हा येणार नाही याची कंपनी हमी देते का?"

दातार खोटं बोलणारे नव्हते. "नाही. बाहेरून काय येतं, त्याची हमी कंपनीला देता येत नाही."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी सवयीनं हात जोडले. खंडूनं मान खाली घातली. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं फडकं खांद्यावर टाकलं.

"म्या देतो हमी," मागून आवाज आला.

आबा गाडीतून उतरून पुढं आले होते. घोंगडी खाली सरकली होती, ती त्यांनी पुन्हा खांद्यावर घेतली.

"तुम्ही कोण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"ह्याचा बाप. हळद म्या घालत हुतो टाकीत. देवाची हाय म्हून घालत हुतो. पोराला ठावं नवतं. आता नाय घालणार."

अधिकाऱ्याला हसू आलं होतं, पण आबांचा चेहरा बघून त्यानं ते आवरलं. "हळद? बरं. आणि ही हमी कुठवर धरायची, बाबा?"

"म्या हाय तवर," आबा म्हणाले. "माजी मेंढरं हायती त्या गाडीत."

अधिकाऱ्यानं वॉचमनला हात केला आणि फाटक उघडलं. खंडू गाडीत बसला. ती आत न्यायच्या आधी त्यानं पलीकडचं दार उघडून धरलं आणि आबा बसेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

दातार बाहेरच्या रस्त्याकडं चालायला लागले. मी त्यांच्या मागं. बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "आपली वॉरंटी छापायला किती कागद लागतात हो?" आणि येणाऱ्या बसला हात दाखवला.

त्यानंतर यथावकाश विद्यापीठाला नाव लागलं. मागितलं होतं अगदी तसं नाही, नामांतराऐवजी नामविस्तार झाला. साळवेनं वर्कशॉपात पेढे वाटले. मला पेढा देताना म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला सांगा साहेब, झालं बारसं." मी खंडूमार्फत निरोप पाठवला. पोचला की नाही, माहीत नाही.

खंडूची गाडी सर्व्हिसिंगला येत राहिली. वॉरंटी संपली तरी माझ्याकडंच यायची. टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून देऊ का, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा बसवून घेणारे बरेच होते. खंडू म्हणाला, "नको साहेब. वाईट वाटंल त्यांना."

एकदा मी त्यांच्याच गाडीतून घरी येत होतो. वाटेत खंडूनं पेट्रोल भरायला गाडी थांबवली. आबा लगेच उतरले, पार रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून त्यांनी फेट्यावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. मी खंडूला विचारलं, "हे काय?"

"रोजचंच हाय," खंडू म्हणाला. "झाकण लागंपतोर हात खाली घेत नायत."

पेट्रोल भरून झालं, पंपावरच्या पोरानं झाकण फिरवून घट्ट केलं. खंडूनं हॉर्न दिला. मग आबांनी हात खाली घेतले आणि सावकाश चालत गाडीकडं आले.